सुरतेहून धबधब्याला : गिरा पाहून झाला असेल तर

पहिला जोरदार पाऊस झाला की उधना, लिंबायत, पांडेसऱ्यातल्या प्रत्येक घरात एकच बेत ठरतो : वघई. तिथला गिरा धोध देखणा आहे, यात वाद नाही. अंबिकेच्या खोऱ्यातलं पाणी रुंद कड्यावरून एकदम खाली येतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये समोर उभं राहिलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पण गाडी अगदी जवळ पोचते. उतरायचं, मक्याचं कणीस घ्यायचं, बांबूच्या वस्तूंच्या दुकानांसमोरून जायचं आणि फोटो काढायचे. आजी-आजोबा आणि लहान मुलं सोबत असतील तर हेच उत्तम. ज्याला पायाखाली चिखल हवा आहे, त्यानं दुसरी वाट धरावी.

माझं मत चिमेरच्या बाजूनं. तापी जिल्ह्यातल्या सोनगढ तालुक्यात हे गाव आहे. धबधब्याची उंची तीनशे फुटांच्या वर सांगतात. आकड्याचं सोडा, धारेखाली मान वर करून पाहिलं की टोपी मागे पडते, एवढं खरं. सुरतेहून धुळ्याकडे जाणारा महामार्ग धरायचा : बारडोली, व्यारा, सोनगढ. आपल्यातल्या खानदेशी मंडळींना हा रस्ता गावाकडच्या लग्नसराईमुळे पाठ असतो. नवापूरच्या अलीकडे आपण किती वेळा सोनगढ मागे टाकलंय! पिलाजीराव गायकवाडांनी आपलं बस्तान बसवलं ते याच सोनगढला, बडोदा नंतरचं. किल्ला गावाच्या डोक्यावरच आहे, पण धबधबा आणि किल्ला एकाच दिवशी उरकायला जाऊ नका. दोन्हीकडे घाई होते. गाडी नसेल तर ताप्ती लाइनवरचं उकाई-सोनगढ स्टेशन आहे, पण पुढे जीप किंवा रिक्षा ठरवावी लागते, आणि परतीचीही तिथंच ठरवून घ्यावी. पेट्रोल आणि सुटे पैसे सोनगढलाच घ्या. पुढे जंगलात मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा.

चिमेरला पोचल्यावर पहिलं काम म्हणजे गावातल्या कुणाला तरी सोबत घेणं. वाट फार लांबची नाही, पण पावसाळ्यात गवत कमरेपर्यंत येतं आणि गुरांच्या वाटा फुटत जातात; त्यांतली कोणती पाण्याकडे जाते हे गावकऱ्यालाच ठाऊक. इथं गामीत, वसावा समाजाची वस्ती आहे. मोडकंतोडकं गुजराती चालतं, आणि सुरतेत राहून तेवढं तर आपल्याला येतंच. पैसे निघण्याआधी मोकळेपणी ठरवा आणि नंतर घासाघीस करू नका. एक प्रश्न मात्र आवर्जून विचारा : ‘भाई, काल पाऊस किती झाला?’ त्याचं उत्तर तुमच्या मोबाइलवरच्या अंदाजापेक्षा कामाचं. तो ‘आज उतरू नका’ म्हणाला, तर उतरू नका.

वाट सागाच्या जंगलातून जाते. जुलै-ऑगस्टमध्ये सागाला पांढरट तुरे येतात. कोवळं पान तळहातावर चुरडलं की हात लाल होतो, मुलांना हे करून दाखवाच. ऑगस्ट सरताना काही झाडांची पानं अळ्या अशी खातात की नुसत्या शिरांची जाळी उरते. उन्हात धरली तर पलीकडचं सगळं दिसतं. झाड मेलं असं समजून हळहळू नका, सागाला हे दरवर्षीचं आहे.

खरी परीक्षा उताराची. हा सगळा काळा बेसॉल्ट. ओला असला तरी खरखरीत दगडावर पाय धरतो. हिरवट-काळी चमक दिसली की शेवाळ आहे असं समजा आणि तिथं पाऊल टाकू नका. पाऊल आडवं टाका, पूर्ण तळवा टेकवा, हातात बांबूची काठी ठेवा. जीन्स भिजली की जड होते आणि गुडघा वाकत नाही, साधी ट्रॅक पँट बरी. बुटांचा तळ झिजलेला असेल तर ते बूट मार्केटला जायला ठेवा. छत्रीनं एक हात अडकतो, त्यापेक्षा रेनकोट घ्या. खाण्याचं म्हणाल तर सुरतेचा लाडका लोचो दोन तासांत नावाप्रमाणे लोचा होतो. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा आणि शेंगदाणे हे दुपारपर्यंत जसंच्या तसं राहतं.

पाण्याबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण घोटाळा इथंच होतो. डांग आणि सोनगढकडचे हे ओढे डोंगरातून थेट उतरतात. तुमच्या डोक्यावर ऊन असेल आणि वर डोंगरात तासाभरापूर्वी ढग रिकामे झाले असतील, तर ते पाणी यायला फार वेळ लागत नाही. खुणा आहेत. नितळ पाणी गढूळ होतं, काटक्या आणि पालापाचोळा एकदम वाहू लागतो, धारेचा आवाज जाडसर होतो, मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसतो. यांतली एक जरी खूण दिसली तरी फोटो, चपला, डबा सगळं सोडून काठाच्या वर चढा, आणि चढायचं ते आपल्या परतीच्या बाजूला. पलीकडच्या काठावर अडकलेली माणसं पाणी ओसरेपर्यंत तिथंच बसतात. ओढा ओलांडायचाच असेल तर पाणी गुडघ्याखाली हवं आणि तळ दिसायला हवा. धारेच्या बरोबर खाली डोहात उतरू नका : पडतं पाणी माणसाला आत ओढतं, आणि वरून धारेबरोबर दगडही येतात. पोहता येणं इथं उपयोगी पडत नाही. सेल्फीच्या नादात इतके अपघात झाले की डांगच्या प्रशासनाला २०१९ साली सेल्फीबंदीचा आदेश काढावा लागला होता.

म्हणून दिवस निवडताना पाऊस धो-धो कोसळतोय तो दिवस नको. मोठ्या पावसानंतर दोन दिवस उघडीप मिळाली की निघावं. धार भरलेली असते आणि दगड थोडे सुकलेले. सगळ्यांत चांगला काळ गणपती विसर्जनापासून दसऱ्यापर्यंतचा. १५ ऑगस्ट आणि सातम-आठमच्या सुट्ट्या टाळा, त्या दिवशी अर्धी सुरत रस्त्यावर असते. सुरतेहून सकाळी सहाच्या आत निघालात तर दुपारी दोनपर्यंत परत गावात येता येतं, आणि अंधारापूर्वी महामार्गाला लागता येतं. आणि हो, गुजरातेत दारूबंदी आहे. पिशवीत ‘काहीतरी’ घेऊन येणाऱ्या मित्राला घरी ठेवा.

चिमेर जमत नसेल तर आणखी जागा आहेत. आहव्याजवळ चनखल गावाकडून बारदा धबधब्याला चालत जाता येतं. सुबीर तालुक्यातला गिरमाळ वरून, कठड्यापाशी उभं राहून पाहायचा. चाल कमी, देखावा मोठा. उमरपाड्याचं देवघाट तर सुरत जिल्ह्यातच आहे, उंची बेताची, पण जंगल दाट आणि पहिल्यांदा येणाऱ्या मुलांना झेपणारं. आहव्याकडे गेलात तर आदिवासी महिला चालवतात त्या नाहरी केंद्रात नागलीची भाकरी आणि उडदाची डाळ जेवा. डांगात जुनी माणसं तुमचं मराठी सहज समजून घेतात.

बिलिमोरा-वघई छोट्या गाडीचं बरेच जण विचारतात. गायकवाडी काळातली ही नॅरोगेज, ६३ किलोमीटरला तीनेक तास घेते, उनाईवरून जाते आणि खिडकीतून भातलावणी दिसते. मध्यंतरी बंद होती, २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. प्रवास म्हणून झकास, पण धबधब्यासाठी गैरसोयीची : दुपारी वघईला पोचते आणि थोड्याच वेळात उलटी फिरते. जाताना गाडीनं जा, गिरा निवांत पाहा, परत एसटीनं या. वेळा निघण्यापूर्वी एकदा तपासून घ्या.

दिवाळीनंतर यांतल्या कुठल्याच धबधब्यासाठी सुरत सोडू नका, धार दोरीएवढी उरते आणि उन्हाळ्यात तीही जाते. तेव्हा जंगल हवं असेल तर पूर्णेच्या काठचं वनखात्याचं महाल कॅम्प आधी आरक्षण करून गाठा.