हळदीच्या वाफ्यांसाठी वाढीव पिना



रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डाच्या ४० पिनांपैकी १२ वीजपुरवठा आणि ग्राउंडमध्ये जातात, दोन वर बसणाऱ्या बोर्डाच्या ओळखीसाठी राखीव असतात. उरतात २६, आणि त्यांतल्याही काही पडद्यात किंवा घड्याळात अडकतात. वसमतकडच्या हळदीच्या रानात ठिबकचे सगळे व्हॉल्व्ह, विहिरीतली पातळी आणि मोटार एकाच बोर्डावर घ्यायची म्हटली, की हात आखडतो.

अशा वेळी एमसीपी२३०१७ ही चिप सर्वांत सरळ पडते. ती आयटूसीच्या दोन तारांवर, म्हणजे ३ आणि ५ क्रमांकाच्या पिनांवर बसते आणि १६ नव्या पिना देते. तिच्या ए०, ए१, ए२ या पिना ३.३ व्होल्टला किंवा ग्राउंडला जोडून आठ वेगळे पत्ते मिळतात. म्हणजे त्याच दोन तारांवर आठ चिपा, १२८ पिना. पत्त्याची पिन मोकळी सोडली, तर चिप कधी सापडते, कधी नाही.

चिपला ३.३ व्होल्टच द्यावेत. ती ५ व्होल्टवरही चालते आणि घात तिथेच होतो: तयार मॉड्यूलवरचे पुल-अप रेझिस्टर ते ५ व्होल्ट थेट रास्पबेरी पायच्या पिनेवर नेतात, आणि ती पिन ३.३ व्होल्टच्या वरचे सोसत नाही. आयटूसीच्या तारा वीतभरच असाव्यात. चिप बोर्डाच्याच डबीत ठेवून लांबच्या तारा व्हॉल्व्ह चालू-बंद करणाऱ्या रिलेपासून पुढे न्याव्यात.

चिप पिना वाढवते, करंट वाढवत नाही. एका पिनेला फार तर २५ मिलिअँपिअर, सगळ्या मिळून १२५. १२ व्होल्टच्या साध्या रिलेची कॉइल ३० च्या आसपास ओढते. म्हणून मध्ये यूएलएन२८०३ ही ड्रायव्हर चिप घालावी. ती आठ कॉइल सांभाळते. तिची १० क्रमांकाची पिन १२ व्होल्टला जोडायला विसरू नये, नाहीतर कॉइल बंद होताना येणारा झटका जिरवणारे आतले डायोड निकामी राहतात. पुरवठे वेगळे असले तरी ग्राउंड एकच हवे.

शेतावर खरी काळजी वीज जाण्या-येण्याची. वीज येताच चिपच्या सगळ्या पिना इनपुट होतात आणि रिले बंद राहतात, ते ठीक. पण चिपची वीज टिकून फक्त बोर्ड पुन्हा सुरू झाला, तर चिप जुनीच स्थिती धरून बसते. रात्रीच्या विजेवर व्हॉल्व्ह उघडा राहिला, तर सरीत पाणी साचते आणि हळदीला कंदकुज लागते. यासाठी चिपची रीसेट पिन बोर्डाच्या जीपीआयओ १७ ला जोडावी आणि तिथून ग्राउंडकडे १० किलोओहमचा रेझिस्टर द्यावा. बोर्ड सुरू होताना ही तार खाली असते आणि व्हॉल्व्ह मिटतात. प्रोग्राम उभा राहिल्यावर ती वर करतो. बहुतेक आकृत्यांत रीसेट सरळ ३.३ व्होल्टला बांधलेली दिसते. रानात तशी बांधू नये. प्रोग्राम नुसताच अडकला तर बोर्ड आपोआप पुन्हा सुरू होत नाही, म्हणून बोर्डातला वॉचडॉगही चालू ठेवावा.

जमिनीच्या ओलाव्याचे सेन्सर मात्र बहुधा अॅनालॉग असतात. एमसीपी२३०१७ फक्त चालू-बंद ओळखते. ओलाव्यासाठी आठ चॅनेलची एमसीपी३००८ एसपीआयवर वेगळी लावावी.

— मामा, हिंगोली