एका गावावरून सगळं शोमरोन

आजचं वाचन: लूक ९:५१-५६



मागच्या निवडणुकीच्या वेळी माझ्या मोबाईलवर एक व्हिडिओ आला. मला न पटणाऱ्या पक्षाचा एक जण स्टेजवरून वाट्टेल ते बरळत होता. मी तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "बघा, हे सगळे असलेच!"

संध्याकाळी शेजारचे काका जिन्यात भेटले. ते त्याच पक्षाचे जुने कार्यकर्ते. माझी आई आजारी पडली तेव्हा रात्री दोन वाजता त्यांनीच गाडी काढली होती. ते एवढंच म्हणाले, "मीपण त्यातलाच का रे?" मला उत्तर देता आलं नाही. घरी येऊन मी हा शास्त्रभाग वाचला.

येशू यरुशलेमेकडे निघाला होता. वाटेत शोमरोन्यांच्या एका गावाने त्याला उतरू दिलं नाही, कारण तो यरुशलेमेला चालला होता. यहूदी आणि शोमरोनी यांचं वैर जुनं होतं. देवाची उपासना यरुशलेमेत करायची की गरिज्जीम डोंगरावर, हा वाद होताच. त्यात येशूच्या आधी शंभरहून जास्त वर्षांपूर्वी यहूदी राज्यकर्ता योहान हिर्कानस याने गरिज्जीमवरचं मंदिर पाडलं होतं. जखम दोन्हीकडे होती.

गावाने नकार दिला आणि याकोब व योहान लगेच आकाशातून अग्नी मागायला तयार! विचार करा, त्या क्षणी एखाद्या शोमरोन्याने त्यांचं बोलणं ऐकलं असतं, तर तो काय म्हणाला असता? "बघा, येशूची माणसं असलीच." म्हणजे त्या दिवशी सर्वांत जहाल माणसं शोमरोनात नव्हती, येशूच्या सोबतच चालत होती. आणि येशूने धमकावलं ते त्या गावाला नाही, आपल्याच शिष्यांना.

नंतर लूक काय काय सांगतो ते बघा. पुढच्याच अध्यायात येशू दाखला सांगतो, त्यात जखमी माणसाला उचलून नेणारा शोमरोनीच (लूक १०). दहा कुष्ठरोगी बरे होतात, आभार मानायला परत येतो तोही शोमरोनीच (लूक १७). त्या एका गावावरून प्रभूने सगळं शोमरोन मोजलं नाही.

ही गोष्ट साधी नाही. योसेफस हा यहूदी इतिहासकार लिहितो की, साधारण इ.स. ५२ च्या सुमारास सणासाठी निघालेल्या गालीली यात्रेकरूंवर शोमरोनाच्या हद्दीत हल्ला झाला, रक्त सांडलं. मग चिडलेल्या जमावाने शोमरोन्यांची गावं जाळली आणि लहानथोर न बघता माणसं मारली. हल्ला करणारे थोडे होते, शिक्षा मात्र सगळ्यांना. शिष्यांनी तोंडाने मागितलेली आग वीसेक वर्षांनी माणसांच्या हातांनी लागली. "सगळे असलेच" या वाक्याचा शेवट असा होऊ शकतो.

मग चुकीला चूक म्हणायचंच नाही का? म्हणायचं. विहिरीवरच्या शोमरोनी बाईला येशूने उपासनेबद्दलचा मतभेद स्पष्टच सांगितला (योहान ४). पण तो तिच्याशी बोलला, तिच्याकडे पाणी मागितलं. तिला दुसऱ्या कोणाच्या पापाचा जाब विचारला नाही.

शेवटी योहानाचं काय झालं? प्रेषितांची कृत्ये ८ वाचा. तोच योहान पेत्राबरोबर शोमरोनात जातो आणि तिथल्या लोकांना पवित्र आत्मा मिळावा म्हणून प्रार्थना करतो. परतताना ते शोमरोन्यांच्या पुष्कळ गावांत सुवार्ता सांगतात. एकेकाळी आग मागणारा आता आशीर्वाद मागतो आहे. प्रभू माणूस बदलतो, आधी आपल्या बाजूचा.

मी तो मेसेज काढून टाकला आणि काकांकडे जाऊन माफी मागितली. मतं आजही दोघांची वेगळीच आहेत, चहा मात्र एकत्र होतो.

आज करून बघा: ज्या पक्षाचा राग येतो त्यातला तुमच्या ओळखीचा एक भला माणूस आठवा. त्याचं नाव घेऊन प्रार्थना करा. आणि पुढचा व्हिडिओ पाठवण्याआधी त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणा.

प्रार्थना: हे प्रभू येशू, माझ्या जिभेवरची आणि बोटांवरची आग विझव. माझ्या बाजूची चूक मला आधी दिसू दे. मी ज्यांना 'ते' म्हणतो, त्यांच्यातला माणूस मला दाखव. तुझ्याच नावाने मागतो, आमेन.