शुगरचा कागद कुणी मागितलाच नाही

खालची कवळी ढिली झाली की काय होतं, ते ज्याचं त्यालाच कळतं. माझी तर बोलतानाही उचलली जायची. वरणभाताशिवाय काही चावत नव्हतं. म्हणून जिल्ह्यातल्याच एका चकचकीत दवाखान्यात इम्प्लांटसाठी गेले. पहिल्याच भेटीत सांगितलं, मला शुगर आहे, हाडं ठिसूळ झाल्याने वर्षातून एकदा इंजेक्शनही घेते. गोळ्यांची चिठ्ठी टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उघडलीही नाही. "काकू, आजकाल सगळ्यांनाच शुगर असते," म्हणाले आणि हप्त्यांचा तक्ता पुढे सरकवला.

पुढे बसवलेले दोन्ही स्क्रू हलायला लागले, हिरडीतून पू आला. तेव्हा तेच डॉक्टर म्हणाले, "तुमचं हाडच खराब आहे."

नागपूरला मेडिकल कॉलेजजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी तोंडात बघण्याआधी एचबीए१सी किती ते विचारलं. मग हाडाच्या इंजेक्शनचं नाव, शेवटचं कधी घेतलं. मग म्हणाल्या, सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन दाखवा. माझ्याजवळ साधा सपाट एक्स-रे. इम्प्लांट कोणत्या कंपनीचं, डब्यावरचा स्टिकर दिला असेल ना? तोही नव्हता. त्या खुर्चीत बसल्याबसल्या मला कळलं, की माझं हाड चांगलं की खराब, हे त्या माणसाने कधी पाहिलंच नव्हतं! दोष मात्र माझ्या हाडावर ढकलून मोकळा झाला.

एचबीए१सीने गेल्या तीन महिन्यांची शुगर समजते. ती चढलेली असली तर जखम भरत नाही, हे साध्या एमबीबीएसच्या पोरालाही माहीत असतं. हाडाच्या इंजेक्शननंतर जबड्याचं हाड क्वचित सडतं, म्हणून ते आधी सांगा आणि कागदावर लिहून घ्यायला लावा. रक्त पातळ करणारी गोळी दातवाल्याच्या सांगण्यावरून बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५मध्ये पहिल्या रुग्णाला हे टायटॅनियमचे स्क्रू बसवले. त्यांच्या पद्धतीत हाड स्क्रूला धरेपर्यंत खालच्या जबड्याला तीन महिने आणि वरच्याला सहा महिने थांबत. आता घाईने करण्याच्याही पद्धती आहेत म्हणे, पण शुगरवाल्याने घाई करणाऱ्यापासून लांबच राहावं.

आपल्याकडे आणखी एक आहे, तंबाखू-सुपारीचा खर्रा. चंद्रपूर-गडचिरोलीत तो कुणाच्या घरी नाही? खर्ऱ्याने ज्याचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, त्याच्या तोंडात ड्रिल जाणार कसं? आणि त्याला आधी इम्प्लांट नाही, कॅन्सरची तपासणी हवी.

सगळे दात बसवायची गरजही नसते. २००२मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या कवळीसाठी दोन इम्प्लांट आणि त्यावर अडकणारी कवळी पुरेशी मानली. मला सहा सांगितले होते, त्यातले दोनच बसवून झाले होते. कधी कधी जुन्या कवळीला आतून नवा थर दिला तरी ती बसते. हे मला कुणी सांगितलं नाही, कारण त्यात पैसा नाही.

पावती, स्टिकर, एक्स-रे सगळं मागून घ्या. चार ठिकाणी विचारा. ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि २०१९च्या कायद्याने ती आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. माझी दाखल झाली आहे.