व्यंग, व्यंग्य आणि चाकाची खुर्ची

फळ्यावर एक शब्द लिहावा आणि त्यातल्या एका अक्षराने सबंध तास खाऊन टाकावा, असा प्रसंग शिक्षकावर क्वचित येतो. गेल्या पावसाळ्यात तो आमच्यावर आला. शब्द होता 'व्यंगचित्र'. पीपलरावांचे आमचे विद्यार्थी घरी मराठी बोलतात, बाजारात माळवी ऐकतात आणि वर्तमानपत्र हिंदी वाचतात. त्यामुळे अक्षरांच्या बाबतीत त्यांची नजर मोठी तीक्ष्ण झालेली असते. पहिल्या बाकाशेजारून प्रश्न आला, "सर, हिंदीत 'व्यंग्य' लिहितात. आपला 'य' कुठे गेला?"

आमची मातृभाषा कोंकणी. मराठीच्या तासाला असा प्रश्न आला की प्रथम आम्हांला स्वतःचाच संशय येतो. म्हणून त्या दिवशी वेळ मारून नेली आणि दुसऱ्या दिवशी कोश पाहून उत्तर दिले. ते असे. 'व्यंग' म्हणजे वि अधिक अंग: ज्याचे अंग उणे किंवा वेगळे आहे ते. 'व्यंग्य' हा शब्द निराळ्याच घराण्यातला. अंज् या धातूपासून तो आला. उघड न बोलता जे सुचविले जाते ते व्यंग्य. काव्यशास्त्रातली व्यंजना ही त्याचीच बहीण. चित्रकार जे सुचवितो ते खरे पाहता व्यंग्यचित्र. परंतु मराठी जिभेने शेवटचा 'य' गिळला आणि दोन परके शब्द एकाच कपड्यांत वावरू लागले.

प्रश्न विचारणारा विद्यार्थी लहानपणापासून चाकाच्या खुर्चीत बसतो. उत्तर ऐकून तो म्हणाला, "म्हणजे सर, माझ्याजवळ व्यंग आहेच. फक्त 'य' मिळवायचा राहिला."

वर्ग गप्प झाला. हसावे की हसू नये, हे कोणालाच कळेना. खरे सांगावयाचे तर आम्हांलाही कळले नाही. त्या शांततेवर विचार करीत असतानाच प्रस्तुत पाठ लिहावासा वाटला.

ही शांतता काही आजची नव्हे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात हास्यरस कशाकशाने उत्पन्न होतो त्याची गणना आहे. विकृत वेष, विकृत अलंकार, असंबद्ध बोलणे यांच्या पंक्तीला तेथे 'व्यंगदर्शन' हेही बसविले आहे. दुसऱ्याच्या अंगातील उणेपणा दिसला की माणूस हसतो, ही गोष्ट त्या प्राचीन शास्त्रकाराने न लपविता नोंदवून ठेवली. मात्र त्याच ठिकाणी हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन भेद सांगितले आहेत: माणूस स्वतः हसतो ते आत्मस्थ, दुसऱ्याला हसवितो ते परस्थ. आमच्या विद्यार्थ्याचा विनोद यांपैकी कोणता? तो स्वतःही हसत होता आणि आम्हांलाही हसवू पाहत होता. हसण्याचे कारणही तो आणि कर्ताही तोच.

अष्टावक्राची लोकप्रसिद्ध कथा आपणांस ठाऊक असेल. आठ ठिकाणी वाकलेला तो मुलगा जनकाच्या सभेत शिरताच पंडित हसले. ते हसले तसा तोही हसला, आणि मोठ्याने हसला. राजाने कारण विचारले तेव्हा त्याने उत्तर दिले की, मी विद्वानांच्या सभेत आलो असे समजत होतो, येथे तर नुसती कातडी पारखणारे बसले आहेत. एकाच सभेत, एकाच शरीराकडे पाहून दोन हसणी झाली, आणि त्या दोहोंत केवढे अंतर!

हेच अंतर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी एका निकालात स्पष्ट केले. स्वतः चाकाच्या खुर्चीचा वापर करणारे निपुण मल्होत्रा यांनी 'आँख मिचौली' या हिंदी चित्रपटातील अपंगांच्या चित्रणाविरुद्ध दाद मागितली होती. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती पारडीवाला यांनी चित्रपटावर बंदी घातली नाही. परंतु माणसाला आणखी अपंग करणारा विनोद वेगळा आणि अपंगत्व म्हणजे काय हे उमजवून देणारा विनोद वेगळा, असा भेद करून चित्रपटकारांना काही मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. न्यायालयाच्या निकालात विनोदाची मीमांसा वाचावयास मिळावी, हा योग आमच्यासारख्या कलाशाखेच्या पदवीधराला अपूर्वच वाटला.

आता चित्रांकडे वळू. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १९२१ साली पोलिओ झाला आणि त्यांचे पाय गेले. पुढे ते चार वेळा निवडून आले. जेवणघरातल्या साध्या खुर्चीला चाके लावून घेऊन ते घरात आणि कचेरीत वावरत. परंतु त्या काळची व्यंगचित्रे पाहावीत तर त्यांत रूझवेल्ट धावताहेत, उड्या मारताहेत! चित्रकारांनी हे सद्भावनेनेच केले असेल. पण एका माणसाची खुर्ची साऱ्या देशाने मिळून दृष्टीआड करावी, यात त्या माणसाचा मान होता की पाहणाऱ्यांचा संकोच, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

याच्या उलट गोष्ट निळ्या पाटीवरील चिन्हाची. रेल्वे स्थानकावर, रुग्णालयात हे पांढरे चिन्ह आपण सर्वांनी पाहिले आहे. १९६८ साली सुसान कोफोड या डेन्मार्कच्या विद्यार्थिनीने ते प्रथम रेखाटले तेव्हा त्यात केवळ खुर्ची होती. माणसाला डोके नव्हते. पुढल्या वर्षी कार्ल मोंटान यांनी वर एक वर्तुळ काढून त्याला डोके दिले. रूझवेल्टच्या चित्रांत माणूस होता, खुर्ची नव्हती. या चित्रात खुर्ची होती, माणूस नव्हता. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की तेच एक उत्तम व्यंगचित्र होते, असे आम्हांला वाटते.

खुर्चीत बसणाऱ्यानेच पेन हाती घेतले म्हणजे काय घडते, हे पाहावयाचे तर जॉन कॅलाहान यांच्याकडे जावे लागेल. १९७२ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, दारूच्या नशेत असलेल्या मित्राने चालविलेल्या मोटारीत ते बसले होते. अपघातात मज्जारज्जू दुखावला आणि हातापायांतील बहुतेक शक्ती गेली. उजव्या हातात पेन अडकवून डाव्या हाताने तो हात ढकलीत ते चित्रे काढीत; म्हणून त्यांच्या रेषा शहारल्यासारख्या दिसतात. पोर्टलंड शहरातील साप्ताहिकात सुमारे पाव शतक ही चित्रे येत राहिली. त्यांचे गाजलेले चित्र असे: वाळवंटात घोडेस्वार शिपाई एका फरारी माणसाच्या मागावर आहेत, वाटेत त्याची चाकाची खुर्ची रिकामी पडलेली सापडते, आणि नाईक सोबत्यांना धीर देतो की काळजी नको, पायी तो लांब जाणार नाही. आत्मचरित्राला त्यांनी हेच नाव दिले आणि २०१८ साली त्यावर चित्रपटही निघाला. चाकाच्या खुर्चीतील तेरा वर्षांच्या पेल्सविक नावाच्या मुलाची चलच्चित्रमालिकाही त्यांनी रचली. २०१० साली ते वारले. त्यांची सर्वच चित्रे शाळेच्या अंकात छापण्याजोगी नाहीत, काही तर आम्हांलाही आवडत नाहीत. मात्र त्यांच्यावर रागावणारे बहुधा चालते-फिरते लोक असत. आपली मर्यादा सुटली की नाही हे ते खुर्चीत बसणाऱ्यांच्या हसण्यावरून ठरवीत, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

मराठीत या खुर्चीचे सरळ नाव एका पुस्तकाने घरोघरी पोहोचविले. कोल्हापूरच्या 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' या १९८४ सालच्या संस्थेच्या संस्थापिका नसीमा हुरजूक यांचे आत्मकथन ते हे, 'चाकाची खुर्ची'. शीर्षकात ना दया, ना वीरश्री. वस्तूला वस्तूचे नाव. (खुर्चीला आम्ही गोव्याकडे 'कदेल' म्हणतो, तो शब्द पोर्तुगिजांकडून आला आणि घरातलाच झाला.) चित्रकारांत मात्र असा धडा घालून देणारे नाव आम्हांला चटकन आठवत नाही. शि. द. फडणीस यांच्या निःशब्द हास्यचित्रांतून एकही अक्षर न लिहिता घरातली साधी वस्तू कशी बोलू लागते ते शिकावे. लोटलीच्या मारियो मिरांडांची गर्दीची चित्रे आमच्या लहानपणापासून भिंतीवर आहेत. या विद्यार्थ्याची ओळख झाल्यापासून ती पाहताना आमची नजर नकळत वाट शोधते: त्या बाजारातून, त्या बसमधून खुर्ची जाईल कोठून?

त्या विद्यार्थ्याची चित्रांची वही दिवाळीनंतर आमच्या हाती आली. एका चित्रात संगीत खुर्चीचा खेळ चालला आहे. बाजा थांबलेला, एकच खुर्ची उरलेली, दोन मुले तीवर एकदम आदळलेली; आणि बाजूस आमचा चित्रकार स्वतःच्या खुर्चीत स्वस्थ बसून हात उंचावतो आहे. पंच डोके खाजवीत नियमांचे पुस्तक चाळताहेत. दुसऱ्या चित्रात लग्नघर आहे. वऱ्हाडातल्या प्रत्येकाने आपली पिशवी, शाल, नारळ, इतकेच काय एक रडणारे मूलही खुर्चीवर लादले आहे आणि त्या ढिगाऱ्यातून दोन डोळे बाहेर पाहताहेत. तिसरे माळव्याचे: काळ्या मातीतून आलेली चाके पिठाच्या जात्याएवढी झालेली, आणि आई दारात म्हणते आहे, "शेत तिथेच ठेवून यायचं होतंस!" देवळाच्या दारात एक सज्जन मांडीवर नाणे टाकतात आणि मुलगा खिसे चाचपून म्हणतो, "काका, परत द्यायला सुट्टे नाहीत."

एका चित्राने तर आम्हांला गणित शिकविले. कोठल्याशा कचेरीच्या तीन पायऱ्यांवर फळी टाकली आहे. खुर्ची तीवरून टेकडीवरच्या दगडासारखी खाली येते आहे आणि वर पाटी आहे, 'सुगम प्रवेश'. गणिताच्या सहकाऱ्यांना विचारले, तेव्हा त्यांनी नियम सांगितला: उताराची लांबी उंचीच्या निदान बारा पट हवी. पंधरा सेंटिमीटरांच्या तीन पायऱ्या म्हणजे उंची ४५ सेंटिमीटर. उतार हवा ५ मीटर ४० सेंटिमीटर. चित्रातली फळी दीड मीटरहून अधिक दिसत नाही. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरचा उंबरठा मोजून हेच उदाहरण सोडवावे आणि दाराची रुंदी ९० सेंटिमीटर भरते की नाही तेही पाहावे.

वहीतली सहा चित्रे या अंकासाठी मागावीत असे ठरले, तेव्हा कचरलो ते आम्हीच. पालक काय म्हणतील? शाळा मुलाला हसते असे कोणास वाटले तर? चित्रे छापूच, पण वर दोन ओळी करुणेच्या लिहू, असा मधला मार्ग आम्ही सुचविला. विद्यार्थी म्हणाला, "सर, चित्राच्या वर रडायला लावून खाली हसा म्हटलं, तर कोण हसेल?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्याच्या वडिलांना भेटलो. ते वही उलटीत हसले, लग्नाच्या चित्रापाशी अधिकच हसले, कारण नारळ त्यांचाच होता.

सहावे चित्र त्याने शेवटी दाखविले. त्यात एक शिक्षक खुर्चीच्या मुठीवर रेलून, मुलाच्या डोक्यावरून पलीकडच्या मित्राला विचारताहेत, "हा येणार आहे का सहलीला?" खुर्चीतला मुलगा मान वर करून त्यांच्या हनुवटीकडे पाहतो आहे. इंग्लंडच्या बीबीसी नभोवाणीवर अपंगांसाठी कित्येक वर्षे एक कार्यक्रम होत असे. त्याचे नावच होते, 'तो साखर घेतो का?' चहा ज्याला द्यावयाचा त्याला न विचारता त्याच्या सोबत्याला विचारण्याची ही रीत सातासमुद्रापलीकडचीही आहे, असे म्हणून आम्ही स्वतःचे थोडे समाधान करून घेतले.

देवासच्या सहलीचा तो प्रश्न आम्हीच विचारला होता. मित्रालाच विचारला होता. आणि तेव्हा मुठीवर रेललोही होतो, कारण पाठ दुखत होती. ती खुर्ची म्हणजे त्या मुलाच्या अंगाचाच भाग, आणि परक्याच्या खांद्यावर आपण असे रेलत नाही, हे त्या चित्रापूर्वी आमच्या मनात आले नव्हते. "हे चित्र नको असेल तर पाचच छापा," असे तो म्हणाला, आणि ते इतक्या सहजपणे म्हणाला की नको म्हणणे अशक्य झाले.

पुढल्या पानावर सहाही चित्रे दिली आहेत. शेवटच्या चित्रातील शिक्षकांचा चष्मा मात्र प्रत्यक्षाहून बराच मोठा काढला आहे, असे आमचे मत आहे. चित्रकाराचे मत तसे नाही.