लग्नाआधीचे सहा महिने



लग्नाच्या तयारीत सर्वांत आधी ठरते ती पानांची संख्या. कार्यालय केवढे हवे, पत्रिका किती छापायच्या, आहेराच्या साड्या आणि टॉवेल-टोप्या किती आणायच्या, हे सगळे त्या एका आकड्यावर उभे असते. ताटाचा दर ४०० रुपये धरला, तर ३०० माणसांचे जेवण १,२०,००० रुपयांत होते आणि ७०० माणसांचे २,८०,००० रुपयांत. मेनूमधली एक जिलेबी कमी करून वाचते त्याच्या कितीतरी पट रक्कम पाहुण्यांची यादी नीट केल्याने वाचते. पण बहुतेक घरांत खल होतो तो जिलेबीवर, कारण यादीतले नाव खोडणे जिवावर येते. केटरर कमीत कमी पानांची हमी घेतात; त्याहून कमी माणसे जेवली तरी पैसे हमीइतकेच द्यावे लागतात. म्हणून हमीचा आकडा हात राखून सांगावा आणि वाढीव पानांचा दर आधीच लिहून घ्यावा. यादी करताना एका पत्रिकेमागे किती माणसे येतील, लग्न रविवारी आहे की कामाच्या दिवशी, बाहेरगावची मंडळी आदल्या दिवशी सीमांतपूजनाला येणार की थेट मुहूर्तावर, याचा अंदाज प्रत्येक नावापुढे लिहिलेला बरा.

संख्येइतकाच महत्त्वाचा विषय म्हणजे पैसा कोणाचा आणि किती. महाराष्ट्रात मुलीच्या लग्नासाठी शेत गहाण पडल्याची, सावकाराचे किंवा पतपेढीचे कर्ज वर्षानुवर्षे फिटत नसल्याची घरे गावोगाव आहेत. लग्नाचा दिवस संपतो, हप्ते संपत नाहीत. साठवलेल्या पैशांत बसेल तेवढेच लग्न करणे यात कमीपणा कसलाच नाही. उलट कर्ज काढून केलेल्या थाटाचा भार शेवटी नव्या जोडप्याच्याच संसारावर येतो. खर्चाची एकूण रक्कम ठरली की त्यातला दहावा हिस्सा ऐनवेळच्या खर्चासाठी बाजूला ठेवावा. तो हमखास लागतो.

याद्यांची बैठक ही या दृष्टीने साखरपुड्यापेक्षा मोठी घटना आहे. कोणत्या बाजूने कोणता खर्च, मानपान कोणाकोणाचे, हे तिथे ठरते आणि कागदावर उतरते. या बैठकीत वधू-वरांनी स्वतः बसले पाहिजे. मोठ्यांनी आपापसांत ठरवून मुलांना नंतर कळवण्याची जुनी रीत रुसव्याफुगव्यांचे मूळ ठरत आली आहे. हुंडा देणे आणि घेणे हे दोन्ही १९६१च्या कायद्याने गुन्हे आहेत, आणि ‘आम्हाला काही नको, तुमच्या मुलीला काय द्यायचे ते द्या’ हे वाक्य पुष्कळदा मागणीचेच सौम्य रूप असते. ते ऐकून गप्प बसू नये. स्वखुशीने दिलेल्या भेटींची यादी वधू आणि वर या दोघांनीही वेगवेगळी करून त्यावर सही करावी, असे १९८५चे नियम सांगतात. ही यादी फारच थोडी घरे करतात. करायला मात्र एक दुपार पुरते.

तारीख धरताना पंचांग आणि कार्यालय यांची सांगड घालावी लागते. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चातुर्मासात परंपरेने मुहूर्त नसतात. तुळशीचे लग्न झाले की माणसांची लग्ने सुरू होतात आणि चांगली कार्यालये एकदम भरतात. अधिक महिनाही वगळला जातो. ज्यांना काढीव मुहूर्त चालतो किंवा मुहूर्ताचे बंधनच नको असते, त्यांना हवे ते कार्यालय बहुधा कमी भाड्यात मिळते. कार्यालय ठरवताना ताबा किती वाजता मिळणार व किती वाजता सोडायचे, जनरेटर व सफाईचे पैसे वेगळे का, बाहेरचा केटरर चालतो का आणि अनामत कधी परत मिळणार, एवढे पावतीवरच लिहून घ्यावे. वरातीचा बेत असेल तर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, हे वाजंत्रीवाल्याला सुपारी देतानाच सांगून ठेवावे.

पत्रिका जुळवण्याचा आग्रह धरणारी माणसे रक्ततपासणीचे नाव काढले की अवघडतात. हे बदलायला हवे. थॅलेसेमिया आणि सिकलसेल या आजारांचा वाहक दिसायला ठणठणीत असतो. दोघेही एकाच आजाराचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तो आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. सिकलसेल विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत विशेष आढळतो. हिमोग्लोबिनची ही तपासणी साखरपुड्याआधी झाली तर निर्णय शांतपणे घेता येतो.

सोन्या-कपड्यांविषयी थोडक्यात. दागिन्यावर हॉलमार्क, २२ कॅरेटसाठी ९१६चा शिक्का आणि सहा अक्षर-अंकांचा क्रमांक पाहावा; घडणावळ बिलात वेगळी लिहून घ्यावी. हातमागावरची खरी पैठणी विणायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात, म्हणून येवल्याला मागणी उशिरा नोंदवून चालत नाही.

या सगळ्या धावपळीत दोघांचे एकमेकांशी बोलणे मागे पडते. नोकरी कोणत्या गावी, राहायचे कोणाबरोबर, मूल कधी, आधीचे कर्ज किती, लग्नानंतर आपल्या आईवडिलांना पैसे देण्यास दुसऱ्याची हरकत आहे का, हे प्रश्न केळवणांच्या पंगतीत सुटत नाहीत. लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती कोणताही कायदा करत नाही; तेव्हा तोही निर्णय वधूचा. आठवड्यातला काही वेळ या बोलण्यासाठी राखून ठेवणे हे हॉलच्या सजावटीपेक्षा कितीतरी मोलाचे काम आहे.

विधींमध्ये मंगलाष्टका संपून अक्षता पडल्या की पाहुणे जेवायला वळतात आणि सप्तपदी उरलेल्या चार माणसांत, घाईत उरकली जाते. हिंदू विवाह कायदा, १९५५ मात्र वजन तिथेच देतो: सप्तपदीची रीत असेल तिथे सातवे पाऊल पडल्यावरच विवाह पूर्ण होतो. वेळापत्रकात सप्तपदीला स्वस्थपणे पाऊण तास द्यावा आणि छायाचित्रकाराला तेव्हा जागेवर राहण्यास सांगावे. नोंदणी पद्धतीनेच लग्न करायचे असल्यास १९५४च्या विशेष विवाह कायद्यानुसार ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, दोघांपैकी एकाचे नोटीस द्यायच्या जिल्ह्यात त्याआधी ३० दिवस वास्तव्य असावे लागते, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत विवाह व्हावा लागतो.

वैदिक पद्धतीच्या लग्नाचीही नोंदणी महाराष्ट्रात ९० दिवसांत करायची असते. तिला तीन साक्षीदार, पत्रिका, वयाचे व पत्त्याचे पुरावे आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही लागते. भटजी आणि साक्षीदार लग्नाच्या दिवशी एकाच छताखाली असतात. अर्ज आधीच भरून ठेवून सह्या त्याच दिवशी घ्याव्यात.