वजनदार माणूस पडत नाही?

अंगाने भरलेला माणूस पाय रोवून उभा असतो आणि काटकुळा वाऱ्यानेही हलतो, असा आपला समज आहे. धक्का बसला तर वजनदार माणूस कमी सरकतो, इथपर्यंत तो खरा. पण घरातले आजी-आजोबा पडतात ते कोणी ढकलले म्हणून नव्हे.

आपण अगदी स्थिर उभे असतो तेव्हाही शरीर घोट्यांवर किंचित पुढे-मागे डुलत असते. शरीराच्या वजनाचा मध्य बेंबीच्या जरा खाली, उंचीच्या साधारण ५५ टक्क्यांवर असतो. तिथून सरळ खाली ओळंबा सोडला तर तो घोट्याच्या थोडा पुढे पडेल. म्हणून पोटऱ्या आपल्याला सतत मागे ओढून धरतात. उंच माणसाचा हा मध्य वर असल्याने त्याला जास्त सावरावे लागते. पोट सुटले की ओळंबा बोटांकडे सरकतो, पोटऱ्यांचे काम वाढते. शिवाय एकदा तोल गेला की जास्त वजन सावरायला ताकदही जास्त लागते. गरोदर बाई मागे रेलून चालते, तिची कंबर दुखते, त्यामागेही हेच आहे.

मग बारीक माणूस सुखी का? तसेही नाही. उतारवयात मांड्या-पोटऱ्या वाळल्या की पाय पटकन पुढे टाकून सावरता येत नाही. खुब्यावर मांस नाही, हाडे ठिसूळ. साध्या पडण्यानेही खुबा मोडतो. 'हलकी आहे, चालती-फिरती आहे' म्हणून अशा आजीकडेच घरचे कमी लक्ष देतात, असे आम्हाला दिसते.

भारी पैलवान मात्र सहज पडत नाही. तो पाय फाकवून, गुडघे वाकवून मध्य खाली आणतो आणि त्याच्या पायांत बळ असते.

तोल डोळे, कानाचा आतला भाग आणि तळपाय मिळून सांभाळतात. तोंडाला साबण लावून डोळे मिटताच कोणी डगमगत असेल, तर तळपायांची जाणीव कमी झालेली असू शकते. मधुमेह असलेल्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना जरूर सांगावी.

घरी स्वयंपाकाच्या ओट्याला धरून टाचा वर-खाली कराव्यात, रोज दहा वेळा. जमू लागले की एका पायावर उभे राहावे, हात ओट्याजवळच ठेवून. चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. आणि रात्री मोरीकडे जायच्या वाटेवर एक लहान दिवा चालू राहू द्यावा.