दादींची औषधे

"सर, माझ्या दादी वारल्या. त्यांची औषधे उरली आहेत. गरिबांच्या दवाखान्यात दिली तर सवाब मिळेल ना?" नववीच्या वर्गातील एका मुलीने मला विचारले. तिच्या हातात एक पिशवी होती.

आम्ही पिशवी उघडली. काही गोळ्यांच्या पट्ट्या अर्ध्या कापलेल्या होत्या. त्यांच्यावरची तारीख गेली होती. एक बाटली फोडलेली होती. दोन पट्ट्या मात्र पूर्ण होत्या.

"ह्या दोन तरी देऊ या," ती म्हणाली.

"ह्या कुठे ठेवल्या होत्या?"

"स्वयंपाकघरात, शेगडीजवळच्या फळीवर."

मी म्हणालो, "बेटा, उष्णतेने व दमट हवेने औषध बिघडते. बाहेरून ते चांगलेच दिसते. असे औषध आजारी माणसाला कसे द्यायचे?"

मग मी वर्गाला आर्मेनियाची हकिकत सांगितली. ७ डिसेंबर १९८८ रोजी तेथे मोठा भूकंप झाला. हजारो माणसे मेली. जगभरातून सुमारे ५,००० टन औषधे व वैद्यकीय साहित्य आले. औषधे निवडून वेगळी करायला ५० माणसांना सहा महिने लागले. कितीतरी औषधे मुदत संपलेली किंवा निरुपयोगी होती. शेवटी सुमारे २० टक्के औषधे नष्ट करावी लागली. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण जखमींच्या सेवेचा वेळ वाया गेला.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली औषधदानाचे नियम प्रसिद्ध केले. रुग्णांनी परत केलेली औषधे दान करू नयेत, असा त्यांतील एक नियम आहे.

"म्हणजे गरिबांना काहीच द्यायचे नाही?" मुलीचे डोळे भरून आले.

"द्यायचे तर! पण त्यांना काय हवे, ते आधी विचारायचे."

ती वडिलांबरोबर दवाखान्यात गेली. तेथील डॉक्टरांनी औषधे घेतली नाहीत. मात्र दादींची चालायची काठी त्यांनी आनंदाने घेतली. मुलीने आपल्या ईदीचे पैसेही तेथे दिले.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, एक म्हातारी काठी घेऊन माझ्यासमोरच चालू लागली!"

शब्दार्थ
सवाब – पुण्य
दमट – ओलसर
मुदत – ठरलेला काळ
निरुपयोगी – उपयोग नसलेले

स्वाध्याय
१. पूर्ण असलेल्या पट्ट्याही का देता आल्या नाहीत?
२. आर्मेनियात कोणती अडचण आली?
३. घरातील औषधांवरच्या तारखा पाहा व त्यांची यादी करा.